मोर्वाँमध्ये ग्रॅव्हल सायकल : नवख्यांसाठी चार दिवसांचा मार्ग

मार्ग आखताना नवखा सायकलस्वार आधी किलोमीटर बघतो, मग चढाई. फ्रान्सच्या ग्रामीण भागात कच्च्या वाटांवर जायचं असेल तर या दोन्हींच्या आधी चाकाखालची जमीन बघावी लागते. तेच साठ किलोमीटर कालव्याकाठी साडेतीन तासांत होतात आणि लाकूडतोड चालू असलेल्या जंगलात सहा तासांतही होत नाहीत. म्हणून ग्रॅव्हल सायकलीचा, म्हणजे कच्च्या वाटांसाठीच्या जाड टायरच्या सायकलीचा, हा मार्ग आखतानाच जमिनीचा विचार केला आहे. पहिला दिवस कालव्याचा, दुसरा चुनखडी आणि ग्रॅनाइटचा, तिसरा अर्धा जंगलाचा आणि अर्धा एका पाटाच्या काठाचा, चौथा पुन्हा कालव्याचा. पाय हळूहळू तयार होतात, आणि अवघड भाग येतो तोवर सायकलीची सवय झालेली असते.

मोर्वाँ हा बर्गंडीतला डोंगराळ भाग, पॅरिसच्या आग्नेयेला सुमारे दोनशे किलोमीटरवर. भोवती सगळीकडे चुनखडीची जमीन आणि मध्ये हा ग्रॅनाइटचा उंचवटा. १९७० पासून इथे प्रादेशिक निसर्ग उद्यान आहे. सर्वांत उंच जागा ओ-फोलँ, ९०१ मीटर. आल्प्ससारखा एकच लांब घाट इथे नाही. दोन-दोन किलोमीटरचे, आठ ते बारा टक्क्यांचे चढ एकामागून एक येत राहतात, आणि संध्याकाळी घड्याळात बघावं तर हजार-बाराशे मीटर चढाई नोंदलेली असते. कुरणं, पांढरी शारोले गुरं, झुडपांची कुंपणं, बीच आणि डग्लस फरची जंगलं, मध्ये तळी. रस्त्यावर गाड्या फारशा नाहीत.

हे कोणाला उपयोगी पडेल? पॅरिस, जर्मनी किंवा नेदरलँड्समध्ये राहणाऱ्यांना चार दिवसांच्या सुट्टीत हे जमतं. दुसरे म्हणजे पुणे, नाशिक, मुंबईहून पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिससाठी येणारे ब्रेव्हेवाले, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ला पुरा करणारे सायकलस्वार. ती १२०० किलोमीटरची राइड चार वर्षांतून एकदा असते, मागची २०२३ ला झाली, पुढची २०२७ ला. राइडनंतर हाताशी आठवडा उरत असेल तर पाय तयार असतातच. मात्र त्यांनी एक लक्षात ठेवावं : ब्रेव्हेची २८ किंवा ३२ मिलिमीटरची टायरं कालव्याकाठी चालतील, मोर्वाँच्या जंगलात नाही. फ्रेममध्ये ४० मिलिमीटरचं टायर बसत नसेल तर सरळ सायकल भाड्याने घ्या.

कधी जायचं

मेच्या मध्यापासून जूनअखेर, नाहीतर सप्टेंबर. जूनमध्ये रात्री पावणेदहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे वाट चुकली तरी जीव टांगणीला लागत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये जमीन सर्वांत कोरडी, पण उष्णतेची लाट आली की दुपारी कालव्याचे उघडे टप्पे नकोसे होतात, आणि तळ्यांकाठच्या कॅम्पिंगमध्ये जागा मिळत नाही. ऑक्टोबरमध्ये बीचची जंगलं तांबूस होतात. दिसायला तो काळ सर्वांत सुंदर, पण पानांखालचे खड्डे दिसत नाहीत, ओली मुळं निसरडी असतात आणि शिकार जोरात चालू असते. पहिल्या खेपेला ऑक्टोबर टाळा. आजूबाजूच्या मैदानांपेक्षा मोर्वाँमध्ये पाऊस बराच जास्त पडतो, म्हणून जूनमध्येही रेनकोट बॅगेत वरच ठेवायचा.

वार निवडणं महिना निवडण्याइतकंच महत्त्वाचं. खेड्यांत रविवारी दुपारपासून सगळं बंद आणि सोमवारी बहुतेक दुकानांची सुट्टी. मंगळवारी सुरू करून शुक्रवारी संपवणं सगळ्यांत सोयीचं. मेमध्ये १ आणि ८ तारखेची सुट्टी असते, शिवाय असेन्शन आणि पेंटेकॉस्टचा सोमवार या ख्रिस्ती सणांची. उन्हाळ्यात १४ जुलै आणि १५ ऑगस्ट. हे दिवस दुसऱ्या किंवा तिसऱ्या मुक्कामावर येऊ देऊ नका.

सायकल

टायर : ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेलं, ४० ते ४५ मिलिमीटर. निवड असेल तर ४५. मधला भाग बारीक नक्षीचा आणि कडेला गाठी असलेलं टायर या मार्गाला बरोबर पडतं, कारण निम्मा मार्ग कडक पृष्ठभागाचा आहे. हवा किती भरायची यावर नवख्यांची हमखास चूक होते. रस्त्याच्या सायकलीच्या सवयीने लोक ५०-६० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरतात, आणि मग सायकल दगडावरून उडते, हात बधिर होतात, उतारावर पकड सुटते. ७० किलोचा स्वार आणि ८ किलो सामान धरून ४५ मिलिमीटरला पुढे २८ आणि मागे ३१ पीएसआय, ४० मिलिमीटरला पुढे ३२ आणि मागे ३५. स्वार दहा किलोने जड किंवा हलका असेल तर दोन-तीन पीएसआय वर-खाली. आत ट्यूब असेल तर पाच-सहा जास्त भरा, नाहीतर दगडावर रिमची कड आणि दगड यांत ट्यूब चिमटली जाऊन एकाच वेळी दोन भोकं पडतात. सीलंट, म्हणजे टायरात भरायचा भोकं बुजवणारा द्रव, दर चाकाला ६० ते ९० मिलिलिटर. दोन महिन्यांपूर्वी भरलेलं सीलंट आत सुकलेलं असण्याची शक्यता दाट, म्हणून निघण्याआधी नव्याने भरा.

गिअर : सर्वांत हलक्या गिअरचं गुणोत्तर ०.८ किंवा त्याहून कमी असावं. म्हणजे पुढे ४० दात तर मागे ५० किंवा ५१. पुढे दोन चकत्या असतील तर ३० ला ३८ च्या आसपास. पुढे ४० आणि मागे ४२ ही जोडी बऱ्याच भाड्याच्या सायकलींवर असते. तिच्यात पायडलच्या एका फेऱ्यात सुमारे २.१ मीटर पुढे जाता येतं, मिनिटाला ६० फेरे धरले तर ताशी साडेसात किलोमीटर. स्वार, सायकल, सामान मिळून ९० किलो असतील तर बारा टक्क्यांच्या कच्च्या चढावर हा वेग राखायला साधारण २४० वॉट लागतात. नवख्याला तेवढी ताकद तासन्‌तास लावणं जमत नाही, मग उभं राहून पायडल मारावं लागतं, वजन पुढे जातं आणि मागचं चाक खडीत जागच्या जागी फिरतं. भाड्याने घेण्याआधी मागच्या सर्वांत मोठ्या चकतीचे दात विचारून घ्या.

ब्रेक : भारतात बहुतेक सायकलींना पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, फ्रान्समध्ये डाव्या हाताला. शिवाय वाहतूक उजव्या बाजूने. भाड्याची सायकल हातात आल्यावर मोकळ्या पार्किंगमध्ये दहा मिनिटं फक्त ब्रेक लावायचा सराव करा. सुट्ट्या खडीच्या उतारावर चुकून पुढचा ब्रेक करकचून दाबला गेला की हँडलवरून पुढे पडायला क्षणही लागत नाही.

ब्रेक पॅड मेटलचे घ्या. ग्रॅनाइटची झीज होऊन तयार झालेली वाळू ओली असली की डिस्क आणि पॅडच्या मध्ये काचकागदासारखी घासते. रेझिनचे अर्धे झिजलेले पॅड पावसात एकाच दिवसात संपू शकतात. एक जोडी जास्तीची जवळ हवीच.

बाकीचं सामान : ट्यूबलेस प्लग आणि ते खुपसायची सुई, दोन ट्यूब, टायरच्या आतून लावायचा तुकडा, टायर लिव्हर, हातपंप, चेनचं क्विक लिंक, चेन तोडायचं अवजार, मल्टिटूल, व्हॉल्व्हचं छोटं अवजार, चार-पाच केबल टाय, आणि त्या फ्रेमचाच डिरेलर हँगर, म्हणजे गिअर बदलणारा डिरेलर फ्रेमला ज्यावर अडकतो तो छोटा तुकडा. हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा, त्यामुळे खेड्यात तो मिळेल ही आशा धरू नका. गॅसच्या नळकांड्यांऐवजी पंप बरा. विमानात नळकांड्यांना परवानगी लागते, आणि तो गॅस काही सीलंट थिजवतो. सामान फ्रेम बॅग आणि सीट बॅगेत मिळून आठ किलोच्या आत बसवा.

पोचायचं कसं

पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावरून आरईआर बी या लोकल गाडीने शातले, तिथून आरईआर ए किंवा डी ने गार द लियों, आणि पुढे दहा मिनिटं चालत पॅरिस-बेर्सी स्टेशन. कामाच्या दिवशी सकाळी साडेसहा ते साडेनऊ आणि संध्याकाळी साडेचार ते साडेसात या वेळात आरईआरमध्ये उघडी सायकल नेता येत नाही. मेट्रोचा विचार सोडा. बेर्सीहून टीईआर, म्हणजे प्रादेशिक रेल्वेगाडी, ओसेरला जाते, थेट नाहीतर लारोश-मिजेनला बदलून. टीईआरमध्ये सायकलीचे पैसे पडत नाहीत, पण टांगायच्या जागा मोजक्या. शुक्रवार संध्याकाळ आणि शनिवार सकाळ टाळली की जागेची भांडणं उरत नाहीत. टीजीव्हीने, म्हणजे अतिवेगवान गाडीने, कुठून येत असाल तर सायकलीची जागा आधी राखून ठेवावी लागते, नाहीतर ती सुटी करून १३० बाय ९० सेंटिमीटरच्या पिशवीत बसवावी लागते.

विमानाचं खोकं ओसेरला पहिल्या मुक्कामाच्या ठिकाणी ठेवून जा. बुकिंग करतानाच तसं लिहून विचारायचं. 'आक्योय व्हेलो' ही खूण असलेल्या निवासांत सायकल ठेवायला बंदिस्त जागा आणि दुरुस्तीचं किरकोळ सामान असतं, ती आधी बघा. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो, आणि त्यासोबत किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा. त्या विम्यात कच्च्या वाटेवरची सायकल बसते का, हे लेखी विचारून घ्या.

नकाशावर जमीन वाचणं

मोबाइलमधल्या मार्ग आखणाऱ्या ॲपना 'ग्रॅव्हल' निवडलं की ते उत्साहाने कुठल्याही कच्च्या वाटेवर घालतात. बहुतेक ॲप ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा वापरतात. त्यात कच्च्या वाटेला १ ते ५ अशी प्रत लावलेली असते. १ म्हणजे पक्की किंवा जवळपास पक्की, २ म्हणजे दाबलेली खडी, ३ म्हणजे खडी आणि माती निम्मी-निम्मी, ४ म्हणजे बहुतांशी माती-गवत, ५ म्हणजे नुसती चाकोरी. नवख्याने १ ते ३ मध्ये राहावं. ४ आली की कोरड्या दिवसांतच, आणि ५ आली की मार्ग बदलायचा. प्रत लिहिलेलीच नसेल तर उपग्रहचित्र बघा : दोन पांढऱ्या रेघा आणि मध्ये हिरवी पट्टी असेल तर जाता येतं, सगळं हिरवं असेल तर नाही.

याच्या जोडीला फ्रान्सच्या राष्ट्रीय भूगोल संस्थेचा, म्हणजे आयजीएनचा, १:२५,००० नकाशा ठेवा. त्यावर सलग काळी रेघ म्हणजे शेताची किंवा जंगलाची गाडीवाट, तुटक रेघ म्हणजे पायवाट. तुटक रेघेवर सायकल खांद्यावर घ्यायची तयारी हवी. रानात लाल-पांढरे पट्टे दिसतील, ते लांब पल्ल्याच्या पायी भटकंतीचे. पिवळा पट्टा जवळच्या फेऱ्यांचा. या वाटा चालणाऱ्यांसाठी निवडलेल्या असतात, मध्येच पायऱ्या आणि मोठाले दगड येतात, तेव्हा आंधळेपणाने त्यांच्या मागे जाऊ नका. एक त्रिकोण आणि दोन वर्तुळं अशी खूण माउंटन बाइकच्या फेऱ्यांची. त्यातल्या हिरव्या आणि निळ्या ग्रॅव्हलला चालतात, लाल आणि काळ्या नाहीत.

वेळेचा हिशोब असा धरा : कालव्याकाठी ताशी १८ किलोमीटर, कोरड्या चुनखडीच्या वाटेवर १४, मोर्वाँच्या जंगलात ११ ते १२. त्यात थांबण्याचे दोन तास मिळवा.

पहिला दिवस : ओसेर ते वेझले, सुमारे ६० किलोमीटर

ओसेरच्या बंदरापासून निव्हेर्ने कालवा सुरू होतो. पूर्वी काठावरून माणसं आणि घोडे दोर लावून नावा ओढत, तीच ओढवाट आता सायकलींची आहे. बराच भाग डांबरी, बाकी बारीक दाबलेली खडी. वाट चुकायची भीती नाही, कालवा सोडायचा नाही एवढंच. माय्यी-ल-शातोनंतर योन नदीच्या काठी सोस्वाचे चुनखडीचे कडे उभे आहेत, तिथे गिर्यारोहक लटकलेले दिसतात. शातेल-सांस्वारला कालवा सोडायचा. गावात दुकान आहे, बाटल्या तिथेच भरा. पुढे आन्येर-सू-ब्वावरून वेझलेपर्यंत सतराएक किलोमीटर चढउतार आहेत.

इथे पहिल्यांदा चुनखडीच्या वाटा लागतात. कोरड्या असताना पांढऱ्याशुभ्र, कडक, मजेच्या. पाऊस पडून गेला असेल तर त्याच वाटेवर न शिरता शेजारचा छोटा डांबरी रस्ता धरा. खात्री करायची तर वाटेवरची चिमूटभर माती बोटांत चोळा. खरखरीत लागून सुटी झाली तर चला. बोटाला लोण्यासारखी लागली आणि पुसली जाईना, तर ती टायरलाही तशीच लागणार. शंभर मीटरमध्ये चाक आणि फ्रेम यांच्या मधली जागा भरते, चाक फिरायचं थांबतं, आणि तासाभराच्या उन्हात तो लगदा प्लास्टर ऑफ पॅरिससारखा घट्ट होतो. अडकलात तर जोर लावून पायडल मारू नका, डिरेलर मागे ओढला जाऊन हँगर तुटतो. उतरा, ओला आहे तोवर टायर लिव्हरने लगदा काढा, आणि गवताच्या कडेने सायकल उचलून बाहेर न्या.

वेझले टेकडीवर आहे, बाराव्या शतकातल्या बॅसिलिकेसाठी, म्हणजे मोठ्या चर्चसाठी, प्रसिद्ध. टेकडी आणि बॅसिलिका १९७९ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. शेवटचा चढ थकलेल्या पायांना जड जातो. खालीच सें-पेरमध्ये मुक्काम केलात तर तो चढ सामान उतरवून, संध्याकाळच्या उन्हात करता येतो. आम्ही तेच सुचवू.

दुसरा दिवस : वेझले ते सेतों तलाव, ६५ ते ७० किलोमीटर

चारांतला हा सर्वांत कठीण दिवस. आठ वाजता निघा. सें-पेरहून क्यूर नदीच्या बाजूने पिएर-पेर्त्युईपर्यंत जायचं. इथे खोल दरीवर दोन पूल आहेत, एक उंच आणि एक जुना, बुटका. जुन्या पुलाकडे उतरणारा रस्ता उभा आहे, उतरल्यावर तेवढंच चढायचं आहे. या परिसरात चुनखडी संपून ग्रॅनाइट सुरू होतो. वाटेचा रंग पांढऱ्याचा गुलबट-करडा होतो, टायरचा आवाज बदलतो. ग्रॅनाइटच्या झिजेतून झालेली जाड वाळू पाणी पटकन झिरपू देते, म्हणून पावसानंतर दोन-तीन तासांत इथल्या चांगल्या वाटा जाण्याजोग्या होतात. धोका वेगळा असतो : उतारावर कडक जमिनीवर सुटी वाळू पसरलेली असते आणि वळणावर चाक छऱ्यांवरून सरकावं तसं सरकतं. वेग वळणाआधी कमी करायचा, वळणात ब्रेक सोडायचे, बाहेरचा पाय खाली, वजन त्याच्यावर. नजर चाकासमोर नाही, वाट जिथे संपते तिथे.

कारे-ले-तोंबला पोचलात की जेवणाचं सामान घ्या. चर्चभोवती दगडी शवपेट्या मांडून ठेवलेल्या आहेत, गावाच्या नावातलं 'तोंब' म्हणजे थडगी ती हीच. इथून पुढे सेतोंपर्यंत दुकानाचा भरवसा नाही. मग सें-लेजे-व्होबाँ, सतराव्या शतकातल्या किल्लेबांधणीतला नामवंत व्होबाँ १६३३ मध्ये इथे जन्मला. त्यापुढे जंगलातून सें-तान्याँचा तलाव, आणि सें-ब्रिसों. निसर्ग उद्यानाचं कार्यालय सें-ब्रिसोंत आहे, तिथे वाटांचे नकाशे मिळतात, आणि कुठे लाकूडतोड चालू आहे ते विचारता येतं.

हे विचारणं वेळ वाचवतं. मोर्वाँ शतकानुशतकं पॅरिसला जळण पुरवत आलं. ओंडके इथल्या ओढ्यांत सोडून नदीने खाली वाहवत नेत. सेतोंचं धरण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात बांधलं ते याच कामाला पाणी पुरावं म्हणून. आज ओंडके ट्रकने जातात, पण तोड चालूच आहे. मोठी यंत्रं ज्या वाटेने गेली तिथे गुडघाभर खोल चाकोऱ्या पडतात, आणि कालपर्यंत प्रत २ असलेली वाट आज प्रत ५ झालेली असते. कोणत्याही ॲपला हे कळत नाही. वाटेवर ताजा भुसा, साल आणि रचलेल्या ओंडक्यांची लांब रांग दिसली की समजा पुढे वाट खराब आहे. तोडीचा फलक लावून वाट बंद केली असेल तर शिरायचंच नाही. रचलेल्या ओंडक्यांवर बसायचं नाही, ते घसरतात.

गुलूला छोटा धबधबा आहे, पाच मिनिटांची वाट, पाय बुडवायला उत्तम. तिथून सेतों. तलाव पावणेसहाशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, रात्री जूनमध्येही गारठा जाणवतो. काठावर कॅम्पिंग आणि साधी निवासं आहेत.

तिसरा दिवस : सेतों ते कोर्बिन्यी, ७५ ते ८० किलोमीटर

आकडा मोठा आहे, पण दिवस कालच्यापेक्षा सोपा, कारण दुसरा अर्धा सपाट आहे. प्लांशेवरून जंगलातल्या वाटांनी पानसिएर धरणाकडे उतरायचं, तीस-पस्तीस किलोमीटर. पानसिएर हा मोर्वाँतला सर्वांत मोठा जलाशय.

धरणाच्या खालून एक पाट निघतो, त्याला 'रिगोल द योन' म्हणतात. निव्हेर्ने कालव्याच्या सर्वांत उंच टप्प्याला पाणी कमी पडे, म्हणून हा पाट खोदला. आपल्याकडच्या धरणाच्या पाटासारखाच, रुंदी दोन-चार मीटर, डोंगराच्या कुशीतून समपातळीवर वळणं घेत जाणारा. पंचविसेक किलोमीटर काठाने वाट आहे, उतार डोळ्यांना कळतसुद्धा नाही. एका बाजूला संथ पाणी, दुसऱ्या बाजूला दरी, वर झाडांची सावली. या चार दिवसांतला सर्वांत सुंदर टप्पा तो हाच, आणि घाई करून तो वाया घालवू नये. वाट अरुंद आहे, गवताळ आहे, मधूनमधून मुळं येतात, आणि कठडा नाही. दोघांनी शेजारी शेजारी चालवायची नाही. समोरून चालणारे आले तर पाण्याच्या बाजूला न जाता उतरून थांबा. मोंत्रय्योंला पाट योन नदीची दरी ओलांडतो, सुमारे ३३ मीटर उंच आणि दीडशे मीटर लांब दगडी कमानींच्या पुलावरून.

पाट ला कोलांसेलजवळ कालव्याला मिळतो. कालवा इथे तीन बोगद्यांतून जातो. बोगद्यांतून ओढवाट नाही, सायकलने वरच्या रानातून जायचं. पलीकडे सार्दीची जलद्वारांची उतरंड, एकापाठोपाठ सोळा. प्रत्येक जलद्वाराशी एक घर आणि एक छोटा उतार. पायडल न मारता खाली येता, फक्त द्वारांजवळच्या तीव्र वळणांवर वेग आवरा. कोर्बिन्यी कालव्यापासून थोडं आत आहे, तिथे दुकानं, मुक्काम आणि रेल्वे स्टेशन आहे. हवा बिघडली असेल तर इथूनच गाडी पकडा.

चौथा दिवस : कोर्बिन्यी ते क्लामसी, सुमारे ४० किलोमीटर

शित्रीला कालव्यावर या आणि पाण्याबरोबर उत्तरेला चला. क्लामसीत बेतलेएम पुलावर लाकूड वाहवणाऱ्या कामगाराचा पुतळा आहे. वर सांगितलेले ओंडके इथे बांधून त्यांचे तराफे करत आणि पॅरिसला नेत. अंगात जोर असेल तर कालव्याकाठी आणखी साठ किलोमीटर केल्यावर ओसेर.

पाणी, जेवण, पाट्या

पाणी दफनभूमीत मिळतं. जवळपास प्रत्येक गावाला एक आहे, फाटकाजवळ नळ असतो, आणि तो वापरणं इथे वावगं मानत नाहीत. 'ओ पोताब्ल' म्हणजे पिण्याचं. पेल्यावर फुली असलेलं चित्र म्हणजे पिऊ नका. ओढ्याचं पाणी कितीही स्वच्छ दिसलं तरी वरच्या अंगाला गुरं असतात.

बेकरी सकाळी सातच्या सुमारास उघडते, दुपारी साडेबारा-एकला बंद होते. खाणावळीत दुपारचं जेवण बारा ते दीड, पावणेदोनला पोचलात तर स्वयंपाकघर बंद. शाकाहारी मंडळींनी 'सां व्यांद, सां प्वासों' हे पाठ करावं, म्हणजे मांस नको, मासे नकोत. तरीही सॅलडमध्ये आणि कीश या खाऱ्या टार्टमध्ये डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात, त्यांना 'लार्दों' म्हणतात, ते वेगळं विचारा. ब्रेड, चीज, टोमॅटो, सुकामेवा आणि डब्यातली मसूर यांवर दिवस निघतो. घरून चिक्की आणि खजूर आणा. पेढे-बर्फी नको, कारण युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला मनाई आहे. एका दिवसाचं खाणं नेहमी बॅगेत शिल्लक हवं.

सप्टेंबर ते फेब्रुवारी शिकारीचा हंगाम. वाटेवर 'शास आं कूर' असा फलक दिसला तर शिकार चालू आहे. मागे फिरा आणि डांबरी रस्ता धरा. भडक रंगाचा टीशर्ट घाला. 'प्रोप्रिएते प्रिव्हे' म्हणजे खासगी मालकी, तिथे नकाशा काहीही म्हणो, जायचं नाही. कुरणाचं फाटक जसं सापडलं तसंच ठेवायचं, बंद होतं तर बंद. बारीक पांढरी पट्टी दिसली तर तीत वीज असते, मूठ लावलेल्या जागीच धरा.

रस्त्यावर : खूण नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग तो शेतातल्या गल्लीतून का येईना. अंधारात किंवा धुक्यात गावाबाहेर चमकदार जाकीट कायद्याने सक्तीचं. मदतीसाठी ११२.

संध्याकाळी आंघोळीला गेलात की गुडघ्यामागे, जांघेत, काखेत गोचिडी तपासा. हिरव्या क्रॉसच्या औषधाच्या दुकानात गोचीड काढायचा आकडा मिळतो. तेल-मलम न लावता आकड्याने फिरवून काढा. पुढच्या काही आठवड्यांत त्या जागी पसरत जाणारं लाल वर्तुळ दिसलं तर भारतात परतल्यावरही डॉक्टरांना गोचीड चावल्याचं सांगा, लाइम आजाराचा संशय आपल्याकडे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

टायर कापलं तर

चुनखडीचे धारदार तुकडे बाजूची भिंत कापतात. फुसफुस ऐकू आली की लगेच थांबा.

१. कापलेली जागा खाली येईल असं चाक फिरवा आणि अर्धा मिनिट थांबा. तीन मिलिमीटरपर्यंतचं भोक सीलंट स्वतःच बुजवतं.
२. बुजलं नाही तर हवा पूर्ण जाण्याआधी प्लग खुपसा. टायरात हवा असेल तर सुई आत जायला सोपं जातं. एक सेंटिमीटर बाहेर ठेवून सुई झटक्यात ओढा. बाहेरचं टोक कापू नका.
३. प्लग राहत नसेल तर टायर एका बाजूने उतरवा, आतून तुकडा लावा, ट्यूबलेस व्हॉल्व्ह काढा आणि ट्यूब घाला. त्याआधी टायरच्या आतून हात सावकाश फिरवा. सीलंटमध्ये अडकलेले काटे ट्यूबला लगेच भोक पाडतात.
४. तुकडा नसेल तर खाण्याच्या पाकिटाची जाड चकाकी दुहेरी घडी करून चालते. हवा ट्यूबसाठी वर सांगितलेल्यापेक्षा पाच पीएसआय कमी ठेवा आणि त्याच दिवशी डांबरी रस्त्याने पुढच्या गावाला जा.

क्लामसीला गाडी पकडण्याआधी तासभर हाताशी ठेवा. चेन आणि ब्रेकवरची वाळू पाण्याच्या हलक्या धारेने धुवा, जोराच्या फवाऱ्याने नाही, बेअरिंगमधलं ग्रीस निघून जातं. टायरच्या खाचांतली माती लिव्हरने काढा. ओसेरला परतून खोक्यात सायकल भरताना चाकांतली हवा निम्म्यावर आणा, व्हॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवा म्हणजे सीलंट गळत नाही, आणि डिस्क पॅडच्या मध्ये जाड पुठ्ठा घाला. प्रवासात चुकून ब्रेकचा लिव्हर दाबला गेला तर पिस्टन बाहेर येऊन बसतात आणि घरी चाक आतच जात नाही.